बांधकाम बिघडलं, तर परवाना कोणाचा जातो?

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याने नव्या घराचं दार उघडावं आणि माजघराच्या भिंतीला छतापासून हातभर ओल उतरलेली दिसावी, हे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत दर वर्षी घडतं. घराने जेमतेम दोन पावसाळे काढलेले असतात. ठेकेदार म्हणतो, प्लंबरने पाइप नीट बसवला नाही. प्लंबर म्हणतो, स्लॅबच गळतो. इंजिनिअर फोन उचलत नाही. मग वाडीतलं कोणीतरी सल्ला देतं, "त्याचं लायसन्सच रद्द करून टाका." पण लायसन्स कोणाचं? ते दिलं कोणी? काढून घेणार कोण? आणि ते गेल्याने भिंत कोरडी होणार का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून ठेवायला हवं, कारण बऱ्याच तक्रारी तिथेच फसतात. परवाना गेल्याने भिंत कोरडी होत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. त्याची वाट वेगळी आहे. तरीही परवान्यावरच्या कारवाईसाठी धडपडणं वाया जात नाही, कारण तोच माणूस उद्या शेजारच्या वाडीत दुसऱ्याचा स्लॅब टाकणार असतो.

## एका ठोकरीची तीन प्रकरणं

समजा कशेडी घाटात ट्रकने तुमच्या दुचाकीला ठोकर दिली. पोलीस गुन्हा नोंदवतात, त्याचा निकाल न्यायालय लावतं. तुमच्या मोडलेल्या पायाची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. आणि त्या चालकाच्या हातात पुन्हा स्टिअरिंग द्यायचं का, हे आरटीओ बघतं. तिन्ही प्रकरणं एकाच ठोकरीतून निघाली, पण फायली तीन. एका ठिकाणी अर्ज दिला म्हणून दुसरीकडचं काम आपोआप होत नाही.

बांधकामातही असंच आहे. आरटीओच्या जागी इथे जी यंत्रणा असते तिला नियामक म्हणतात. व्यवसायाचा परवाना देणारी, त्याच्या अटी ठरवणारी आणि अटी मोडणाऱ्याला जाब विचारणारी ती यंत्रणा. तिने चौकशी करून ताकीद देणं, परवाना काही काळ थांबवणं किंवा कायमचा काढून घेणं म्हणजे शिस्तभंगाची कारवाई.

पुराव्याचा निकषही तिन्हीकडे सारखा नाही. फौजदारी खटल्यात रास्त संशयाला जागा उरता कामा नये. शिस्तभंगाच्या चौकशीत पुराव्याचं पारडं कुठे झुकतं एवढं पाहिलं जातं. म्हणून खटल्यात कोणी सुटला तरी त्याचा परवाना जाऊ शकतो.

महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. इमारत जुनी म्हणावी अशीही नव्हती. गुन्हा नोंदवला गेला तेव्हा त्यात बिल्डरबरोबर वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारीही आले. असं काही घडलं की आपलं सगळं लक्ष अटकेकडे लागतं. अटक कोणाला, जामीन कोणाला, याच्या बातम्या महिनाभर चालतात. त्या इमारतीच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांचा परवाना चालू आहे की थांबवला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

## कोणाची दोरी कोणाच्या हातात

वास्तुविशारद. यांच्यासाठी देशभर एकच नियामक आहे, वास्तुविशारद अधिनियम १९७२ खाली स्थापन झालेली काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर, कार्यालय नवी दिल्ली. तिच्याकडे नोंदणी असलेल्याचा क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचं वर्ष आणि अनुक्रमांक. हा क्रमांक काउन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि तो तपासायची वेळ काम देण्याआधीची. कायद्याने 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवली आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नोंदणी नसलेल्याला ती उपाधी लावता येत नाही, पण घराचं डिझाइन करायला त्या कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे पाटीवर नुसतं 'डिझाइनर' लिहिणाऱ्याविरुद्ध काउन्सिल काही करू शकत नाही.

इंजिनिअर. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. डॉक्टरांना किंवा वकिलांना असते तशी, परवाना देणारी आणि काढून घेणारी देशव्यापी परिषद स्थापत्य अभियंत्यांना नाही. इंजिनिअरांच्या संस्था आहेत, पण त्यांचं सदस्यत्व म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत 'परवानाधारक तांत्रिक व्यक्ती' असा वर्ग आहे. त्यात इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर येतात. त्यांची पात्रता आणि कर्तव्यं नियमावलीच्या परिशिष्टात लिहिलेली आहेत. परवाना देतं ते नियोजन प्राधिकरण, म्हणजे शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका. तक्रारही तिथेच करायची.

या नियमावलीने परवानाधारकाच्या सहीचं वजन वाढवलं आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या घराला परवानाधारकाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती एवढ्यावर काम सुरू करता येतं. पूर्वी जी छाननी कार्यालयात व्हायची, तिची बरीचशी जबाबदारी आता त्या एका सहीवर आली आहे.

प्लंबर. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून प्लंबर परवाना मिळतो आणि त्याचं नूतनीकरण करावं लागतं. मुख्य जलवाहिनीला फेरूल मारून, म्हणजे भोक पाडून जोडतोटी बसवून, नवीन जोडणी घेणं हे या परवानाधारकाचं काम. घराच्या आतली पाइपलाइन मात्र प्रत्यक्षात कोणीही करतं.

बिल्डर. फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरवर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नजर असते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

गवंडी आणि ठेकेदार. खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदाराला कसलाही व्यावसायिक परवाना लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची नोंदणी असते आणि तिथे काळी यादीही असते, पण ती सरकारी कामांपुरती. त्या यादीतला माणूस तुमच्या परसात विहिरीचा कठडा बांधायला आला तर त्याला अडवणारं कोणी नाही. साखळीतली सर्वांत मोठी फट हीच. आणि म्हणूनच इंजिनिअरची सही इतकी मोलाची, कारण त्या बांधकामावर नियामकाला हात घालता येईल अशी मूठ बहुतेक वेळा तेवढी एकच असते.

## चूक कुठे संपते, गैरवर्तन कुठे सुरू होतं

प्रत्येक गळती म्हणजे गैरवर्तन नव्हे. फरक नीट कळावा म्हणून किनाऱ्यावरच्या आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, घराचं सर्वांत दुखरं ठिकाण जवळून पाहू.

सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यातल्या जाडीला कव्हर म्हणतात. आयएस ४५६ हे सन २००० चं भारतीय मानक किनारी हवेतल्या काँक्रीटला 'तीव्र' वर्गात टाकतं. त्यासाठी काँक्रीटच्या ताकदीचा किमान एम-३० दर्जा, एक घनमीटर काँक्रीटमध्ये किमान ३२० किलो सिमेंट, पाणी आणि सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि कव्हर ४५ मिलिमीटर. लाटांचे तुषार थेट अंगावर येणार असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. समुद्रापासून दूरच्या सौम्य हवेला हेच मानक २० मिलिमीटर पुरेसं धरतं. आता तेच २० चे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई वर उचलून धरणारे ठोकळे, देवगड-गुहागरच्या साइटवर वापरले, किंवा ब्लॉकच न आणता सळईखाली चिऱ्याच्या कपच्या सारल्या, तर काय होतं? हवेतला क्षार काही वर्षांत सळईपर्यंत पोचतो. सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि काँक्रीट आतून फुटायला लागतं. बाहेरून आधी सळईच्या रेषेत केसासारखा तडा दिसतो, मग तपकिरी ओघळ, आणि एका पावसाळ्यात पाव-अर्धा किलोची खपली खाली येते. अशा वेळी वरून गिलावा करून घेणं म्हणजे दुखण्यावर चादर घालणं.

आता यात दोषी कोण? इंजिनिअरच्या नकाशात ४५ लिहिलं होतं, त्याने स्लॅब भरण्याआधी पाहणी करून चूक लेखी कळवली आणि ठेकेदाराने तरीही काँक्रीट ओतलं, तर इंजिनिअरने आपलं काम केलं. नकाशातच २० लिहिलं असेल तर त्याच्या ज्ञानावर प्रश्न येतो. तो साइटवर फिरकलाच नाही आणि तरीही 'काम माझ्या देखरेखीखाली मानकांनुसार पूर्ण झालं' अशा दाखल्यावर सही केली, तर तो खोटा दाखला आहे. गैरवर्तन ठरवताना नियामक सर्वांत कडक होऊ शकतो तो याच ठिकाणी, कारण सगळी व्यवस्था त्या दाखल्यावर विसंबून असते. आपल्याकडे याला 'सही विकणं' म्हणतात. नकाशा एकाने काढायचा, परवाना दुसऱ्याचा, आणि सहीचे ठरलेले पैसे. हा प्रकार इतका सवयीचा झालाय की घरमालकालाही त्यात काही वावगं वाटत नाही. वाटायला हवं. ज्याने तुमचं जोतं कधी पाहिलंच नाही, तो तुमच्या जोत्याची हमी देतोय.

वास्तुविशारदांसाठी १९८९ चे व्यावसायिक वर्तणूक विनियम आहेत. कामं मिळवण्यासाठी कमिशन किंवा भेटी देणं-घेणं त्यांत निषिद्ध आहे, आणि मालक व ठेकेदार यांच्यातला करार राबवताना नि:पक्षपाती राहणं बंधनकारक आहे. टाइलच्या दुकानदाराकडून टक्केवारी घेऊन तेच दुकान सुचवणं ही नुसती चलाखी राहत नाही, ती तक्रारीचा विषय होते.

## पाण्याच्या कामातलं गैरवर्तन

प्लंबरची चूक लवकर दिसते, पण तिचं कारण मात्र सहसा जमिनीखाली असतं.

कोकणातल्या कितीतरी गावांत नळाला पाणी तासभर येतं. उरलेले तेवीस तास नळी रिकामी असते. रिकाम्या होत जाणाऱ्या नळीत पोकळी तयार होते आणि ती आजूबाजूचं पाणी आत ओढते. आता तुमची जोडणी खर्च वाचवण्यासाठी उघड्या गटारातून नेलेली असेल आणि तिथला सांधा सैल असेल, तर दुसऱ्या दिवशी नळाला पहिल्यांदा येतं ते गटाराचं पाणी. जुलैत गल्लीतल्या चार घरांत एकदम जुलाब सुरू होतात ते बहुधा अशाच सांध्यामुळे. जोडणी गटारापासून दूर न्या, जिथे ओलांडावंच लागेल तिथे वरून किंवा मोठ्या पाइपाच्या आतून न्या, हा परवानाधारकाला माहीत असलेला साधा नियम आहे. तो मोडणं, परवानगीशिवाय फेरूल मारून देणं, किंवा आपल्या परवान्यावर दुसऱ्याला काम करू देणं ही परवाना थांबवण्याची सरळ कारणं आहेत.

दुसरं प्रकरण सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्याचं. आयएस २४७० या मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर हवा. जांभ्याच्या जमिनीत हे अंतर आणखी मनावर घ्यावं लागतं. जांभा भोकाभोकांचा आणि भेगांचा असतो, त्यातून पाणी गाळलं जाण्याआधीच वाट काढून उताराकडे निघून जातं. आणि उताराला बहुधा कोणाची तरी विहीर असते. नकाशावर १८ मीटर दाखवून प्रत्यक्षात ९ वर खड्डा खणला आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही झाली, तर तक्रारदाराला मोठ्या तपासणीची गरज नाही. मोजपट्टी धरून काढलेला फोटो पुरतो.

## तक्रार आत गेल्यावर काय होतं

पहिली चाळणी अधिकाराची. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो आपला परवानाधारक आहे का, हे नियामक पाहतो. नसेल तर अर्ज तिथेच थांबतो. त्यानंतर तक्रारीत नेमका आरोप आहे का, हे पाहिलं जातं. 'काम अत्यंत निकृष्ट केले, पैसे खाल्ले' असं लिहिलेल्या अर्जावर कोणी काही करू शकत नाही. 'अमुक तारखेच्या जोता तपासणी दाखल्यात स्तंभाचे माप इतके नमूद आहे, प्रत्यक्षात इतके आहे, फोटो सोबत जोडला आहे' या एका वाक्यावर फाइल हलते.

मग निघते ती कारणे दाखवा नोटीस. 'तुमच्यावर हा आरोप आहे, तुमच्यावर कारवाई का करू नये ते इतक्या दिवसांत लेखी सांगा', एवढाच तिचा अर्थ. वर्तमानपत्रात 'नोटीस बजावली' असं छापून आलं की लोकांना वाटतं, शिक्षा झाली. अजून काहीच झालेलं नसतं. ही पायरी टाळून थेट परवाना रद्द केला तर तो आदेश उच्च न्यायालयात टिकत नाही, कारण समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय द्यायचा नाही हे नैसर्गिक न्यायाचं पहिलं तत्त्व आहे. तक्रारदाराला हा वेळकाढूपणा वाटतो. पण घाईत काढलेला आदेश रद्द झाला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

उत्तर आल्यावर सुनावणी होते, गरज वाटली तर जागेची पाहणी होते, आणि मग आदेश निघतो. वास्तुविशारदाच्या बाबतीत १९७२ च्या कायद्याचं कलम ३० काउन्सिलला समज देण्याचा, व्यवसायातून काही काळ निलंबित करण्याचा किंवा नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार देतं. नगरपालिकेच्या परवान्याबाबतही ताकीद, निलंबन आणि रद्द करणं अशीच चढती भाजणी असते. तक्रारदाराला पैसे मिळवून देणं यात कुठेच नाही.

## टाइल फोडण्याआधी

भिंत ओली दिसली की पहिली प्रतिक्रिया असते ती प्लंबर बोलावून टाइल फोडायची. थांबा. फोडल्यावर गळती सापडते, पण पुरावा जातो. आधी ओल कुठून कुठे पसरते त्याचे तारखेसह फोटो घ्या, शक्यतो रोज त्याच जागेवरून. वरच्या बाथरूमचा वापर दोन दिवस बंद ठेवा आणि ओल घटते का पाहा. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून निघून जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी ४८ तास कोंडून ठेवा. पातळी खाली गेली आणि खालच्या छताला ओल वाढली तर दोष संक स्लॅबच्या, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबच्या, वॉटरप्रूफिंगमध्ये. पातळी तशीच राहिली आणि ओल फक्त शॉवर चालू असताना वाढली तर दोष भिंतीतल्या पाइपमध्ये. ठेकेदार आणि प्लंबर यांच्यात चाललेली टोलवाटोलवी या एका चाचणीने बरीचशी मिटते. हे सगळं समोरच्याला लेखी कळवून, त्याला हजर राहायची संधी देऊन केलं तर पुढे तो 'माझ्या पाठीमागे केलं' असं म्हणू शकत नाही.

काँक्रीटच्या दर्जाचा वाद असेल तर क्यूबचे, म्हणजे काम चालू असताना भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, चाचणी अहवाल मागा. मानकानुसार ६ ते १५ घनमीटर काँक्रीटला किमान दोन नमुने घ्यावे लागतात, एक नमुना म्हणजे तीन ठोकळे, आणि ते २८ दिवसांनी दाबून पाहायचे. साध्या घराचा स्लॅब साधारण याच मापात बसतो. अहवालच नसतील तर तोही मुद्दा तक्रारीत लिहा. काँक्रीटमधून गाभा कापून काढण्याची कोअर चाचणी महागडी असते, पण तिचे निकष पक्के आहेत. किमान तीन कोअर, त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको.

कागद मिळवायचा सोपा रस्ता माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत अर्ज. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोता तपासणी अहवाल, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि या प्रत्येकावर सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक व मुदत, एवढं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. सही केली त्या दिवशी परवान्याची मुदत संपलेली होती असं निघालं, तर तक्रार तिथेच अर्धी सिद्ध होते.

## फ्लॅट असेल तर महारेरा

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचं कलम १४(३) प्रत्येक फ्लॅटधारकाने पाठ करावं असं आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष निदर्शनास आणला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. 'प्लंबर बाहेरचा होता' हे उत्तर चालत नाही, जबाबदारी बिल्डरचीच.

तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क ५,००० रुपये. आदेश पाळला नाही तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ठरवून दिलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. गंभीर प्रकरणात प्रकल्पाची नोंदणीही रद्द करता येते, पण त्यात ग्राहकांचंच घर अडकतं, म्हणून तो शेवटचा उपाय.

कोकणात मात्र एक अडचण हमखास येते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. तालुक्याच्या गावी दोन मजली, सहा फ्लॅटच्या इमारती भरपूर आहेत. बुकिंगआधी महारेराचा क्रमांक मागा, आणि 'लागत नाही' असं उत्तर आलं तर करारातच दोष दुरुस्तीची पाच वर्षांची अट लिहून घ्या.

## "गवंड्याकडे परवानाच नाही, मग?"

मग शिस्तभंग नाही, पण ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवाच मानली आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. चाकरमान्यांची पंचाईत इथे होते. काम फोनवर ठरलेलं, पैसे रोख किंवा भावाच्या खात्यातून गेलेले, कागद एकही नाही. निदान पैसे बँकेतून द्या आणि दर, माप, सिमेंटचा प्रकार, काँक्रीटचा दर्जा एवढं व्हॉट्सअॅपवर तरी लिहून त्याचं 'हो' घ्या.

आणि त्या कामावर ज्या इंजिनिअरची सही आहे, त्याच्याविरुद्धची तक्रार गवंड्याला परवाना नसला तरी चालतेच.

## "तक्रार केली तर माझंच भोगवटा प्रमाणपत्र अडकेल"

या भीतीत तथ्य आहे. बांधकामाची परवानगी मालकाच्या नावावर असते. तक्रारीवरून पाहणी झाली आणि मंजूर नकाशापेक्षा पडवी दीड मीटर पुढे आलेली निघाली, तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खालची नोटीस मालकाला येते. तुमच्या सांगण्यावरून झालेला बदल आणि इंजिनिअरचा दोष हे आधीच वेगळे करून ठेवा. वाढीव बांधकाम नियमात बसत असेल तर सुधारित परवानगीचा अर्ज तक्रारीआधी द्या. लपवून तक्रार केली तर समोरचा पहिल्याच उत्तरात ते बाहेर काढतो.

## "एका चुकीसाठी कोणाच्या पोटावर पाय कशाला?"

नियामकही हा विचार करतो. पहिली चूक, हानी कमी, स्वतःहून दुरुस्ती केली, तर ताकीदीवर भागतं. तीच चूक पुन्हा, किंवा खोटा दाखला, किंवा जिवाला धोका, तर निलंबन आणि त्यापुढे. तक्रारीत शिक्षा सुचवू नका, काय घडलं तेवढंच लिहा. दुरुस्ती करून देण्याची संधी दिल्याचा पुरावा जोडलात तर तक्रारीचं वजन वाढतं.

लहान गावात आणखी एक प्रश्न असतो, चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी आहे तो रोज एकाच टपरीवर चहा पितात. संबंध उघड दिसत असेल तर सुनावणीआधीच लेखी हरकत घ्या आणि प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेला द्या. निकाल लागल्यावर घेतलेल्या हरकतीला फारशी किंमत राहत नाही.

## दुसरीकडे काय करतात

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०२५ पासून बांधकाम आणि प्लंबिंग या दोन्हींसाठी मिळून एकच आयोग आहे. तिथला परवानाधारक प्लंबर ७५० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या कामानंतर काम नियमांनुसार झाल्याचं प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने देतो. कारवाईची सुरुवात तिथेही कारणे दाखवा नोटिशीनेच होते. न्यूझीलंडमध्ये परवानाधारक बांधकाम व्यावसायिकाला मंडळ १०,००० डॉलरपर्यंत दंड करू शकतं, १२ महिन्यांपर्यंत निलंबित करू शकतं किंवा पुन्हा प्रशिक्षण घ्यायला लावू शकतं.

आपल्याकडे आणखी एक मोठी उणीव आहे ती घरातल्या पाइपलाइनच्या प्रमाणपत्राची. ते मागणारा कायदा नसला तरी प्लंबरचा शेवटचा हप्ता देण्याआधी एक कागद मागायला कोणाची हरकत नाही. त्यावर त्याचं नाव, परवाना असेल तर क्रमांक आणि तारीख. भिंत बुजवण्याआधी नळ्यांना चालू दाबाच्या दीडपट दाब देऊन तासभर गेजचा काटा हलला नाही, ही नोंद. प्रत्येक ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं, ही नोंद. पाइपांचा मेक आणि व्यास. आणि भिंतीतली प्रत्येक नळी कुठून गेली याचा हाताने काढलेला आराखडा, सोबत टाइल बसण्याआधीचे फोटो. खाली सही. जो प्लंबर ही सही द्यायला कां-कू करतो, त्याला भिंत बुजवू देऊ नका.